आयजेम स्पर्धेत कॉलेजची टीम उतरवायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी दिवाळीनंतर ज्युनिअर मुलं-मुली भेटायला येतात आणि थोड्याफार फरकाने हेच प्रश्न विचारतात. मी आधी टीममध्ये होते, नंतर दोन टीमना सल्लागार म्हणून मदत केली. त्या अनुभवातून ही उत्तरं लिहिली आहेत. नियम दर वर्षी थोडे बदलतात. त्यामुळे तारखा, शुल्क आणि पदकांचे निकष त्या वर्षीच्या अधिकृत नियमावलीतूनच घ्या.

आयजेम म्हणजे नेमकं काय?

सिंथेटिक बायॉलॉजीची, म्हणजे जनुकांचे तुकडे जोडून सजीवांकडून नवं काम करून घेण्याच्या शास्त्राची, जागतिक विद्यार्थी स्पर्धा. २००३च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये एक छोटा अभ्यासवर्ग झाला, त्यात विद्यार्थ्यांनी लुकलुकणाऱ्या पेशींचे आराखडे केले. २००४मध्ये पाच टीमची पहिली स्पर्धा झाली. २०१२ पासून हे काम एमआयटीबाहेर स्वतंत्र संस्था म्हणून चालतं. पूर्वी जांबोरी, म्हणजे शेवटचा मेळावा, बॉस्टनला भरायचा. २०२२ पासून पॅरिसला भरतो. जगभरातून काही शे टीम येतात. आपल्याकडून आयसर पुणे आणि आयसीटी मुंबईच्या टीम गेल्या आहेत. त्यांच्या प्रकल्पांची वेबपानं अजून वाचता येतात, आणि तीच सुरुवातीची उत्तम शाळा आहे.

फक्त बायोटेकच्या मुलांसाठी आहे का?

नाही. आमच्या टीममध्ये विकी, म्हणजे टीमच्या प्रकल्पाची वेबसाइट, बांधणारा मुलगा मेकॅनिकलचा होता आणि गावात सर्वांत चांगलं बोलणारी मुलगी संख्याशास्त्राची. गट वयावर ठरतो. २३ वर्षांपर्यंतचे पदवी गटात, त्याहून मोठे वरच्या गटात, आणि शाळा-ज्युनिअर कॉलेजचा गट वेगळा. एखादा पीएचडीचा दादा टीमचा सदस्य झाला तर सगळी टीम वरच्या गटात जाऊ शकते. त्याला सल्लागार म्हणून घ्या.

किती जण हवेत?

आठ ते बारा. त्याहून जास्त घेतले तर सप्टेंबरमध्ये काम करणारे तेवढेच उरतात, आणि नावं मात्र वीस असतात.

तयारी कधी सुरू करायची?

आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात. नोंदणी मार्च-एप्रिलच्या सुमारास होते म्हणून मुलं फेब्रुवारीत जागी होतात. तोवर उशीर झालेला असतो.

हिशोब उलटा मांडा. जांबोरी ऑक्टोबरच्या अखेरीस. विकी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात गोठतं, त्यानंतर एक अक्षरही बदलता येत नाही. सप्टेंबर लिहिण्यात, आकृत्यांत आणि व्हिडिओत जातो. म्हणजे लॅबचं काम ऑगस्टअखेर संपायला हवं. आता मागे या. एप्रिल-मे विद्यापीठाच्या परीक्षांचे. डीएनए मागवला की यायला दोन-तीन आठवडे, परदेशातून येऊन कस्टममध्ये अडकला तर सहा. पहिलं क्लोनिंग, म्हणजे डीएनएचे तुकडे जोडून जिवाणूत बसवणं, पहिल्याच फटक्यात जमेल असं धरू नका. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गणपती येतात, लॅब असिस्टंट गावी जातात. हे सगळं वजा केलं की पिपेट हातात धरायला खरे दहा आठवडे उरतात. संपूर्ण प्रकल्प या दहा आठवड्यांत बसेल असाच निवडा.

आमच्या पहिल्या टीमने हा हिशोब केला नव्हता. जूनच्या शेवटी आम्ही जनुकांची ऑर्डर दिली आणि पुरवठादाराकडून ती ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात हातात पडली. त्या वर्षीच्या आमच्या विकीवर आराखडे भरपूर आहेत आणि आलेख दोनच.

विषय कसा निवडायचा?

या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ घालवा. डिसेंबर-जानेवारी त्यालाच द्या.

बहुतेक टीम तंत्रापासून सुरुवात करतात: 'आपण क्रिस्परवर काहीतरी करू.' मग जनुकांत बदल करायच्या त्या तंत्राला चिकटवायला एखादी समस्या शोधतात. परीक्षकांना हे पाच मिनिटांत कळतं. उलट दिशेने जा. ज्या ठिकाणी तुम्ही एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ शकता, तिथली समस्या घ्या. सोलापूर-नाशिककडे डाळिंबावरचा तेल्या, कांद्याच्या चाळीत होणारी सड, डिस्टिलरीचं सांडपाणी, विहिरीच्या पाण्यातलं फ्लोराइड.

फ्लोराइडचंच उदाहरण घेऊ. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत अनेक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे येतात, मोठ्यांची हाडं आखडतात. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५पर्यंत चालवून घेतात. जिवाणूंमध्ये फ्लोराइड ओळखणारा रायबोस्विच असतो. म्हणजे आरएनएचा असा तुकडा, जो फ्लोराइड चिकटल्यावर घडी बदलतो आणि पुढचं जनुक चालू होऊ देतो. तो २०१२मध्ये जगासमोर आला. २०२०मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने तो पेशीविरहित मिश्रणात, म्हणजे पेशी फोडून काढलेल्या तिच्या यंत्रणेत, वापरला, फ्लोराइड असेल तर पिवळा रंग येईल अशी व्यवस्था केली, आणि कोस्टा रिकात प्रत्यक्ष पाण्यावर तपासून पाहिला.

इथे बहुतेक मुलं म्हणतात, 'मग झालंच आहे की, विषय सोडून देऊ.' मी म्हणेन, आता विषय सुरू झाला. त्या गटाची चाचणी सुमारे २ मिलिग्रॅमच्या पातळीवर काम करते. आपली मर्यादा त्याखाली आहे. ती १पर्यंत खाली आणता येईल का? विदर्भातल्या जड पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम तिला त्रास देतो का? वाळवलेलं मिश्रण मे महिन्यातल्या ४५ अंशांत किती दिवस टिकतं? यातला एकच प्रश्न घेतला तरी दहा आठवड्यांना पुरतो, आणि उत्तर 'नाही टिकत' असं आलं तरी ते उपयोगाचं आहे.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा, आणि कठोरपणे विचारा. आज त्या गावात फ्लोराइड कसं मोजतात? रंग बदलणारं रासायनिक किट आहे, प्रयोगशाळेत इलेक्ट्रोड आहे, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. फ्लोराइड काढायचं नालगोंडा तंत्र नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनेच विकसित केलं. या सगळ्यापुढे तुमची चाचणी काय जास्त देते? याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नसेल तर विषय बदला, कारण जांबोरीत पहिला प्रश्न हाच येणार.

पेशी वापरायची की पेशीविरहित मिश्रण?

विषयावर अवलंबून आहे, पण ठरवण्याआधी एडिनबरा टीमची गोष्ट वाचा. २००६मध्ये त्यांनी बांगलादेशातल्या विहिरींसाठी आर्सेनिक ओळखणारा जिवाणू केला. आर्सेनिक असेल तर पाण्याची आम्लता बदलेल, अशी साधी आणि सुंदर कल्पना. पुढे अनेक वर्षं इतरांनी ती पुढे नेली, आणि मोठी अडचण विज्ञानाची नव्हती. बदललेला जिवाणू लॅबबाहेर, लोकांच्या विहिरीपर्यंत न्यायची परवानगी मिळवणं हीच ती अडचण होती.

आयजेमचाही नियम स्पष्ट आहे: जनुकीय बदल केलेला सजीव लॅबबाहेर न्यायचा नाही, प्रात्यक्षिकापुरताही नाही. पेशीविरहित मिश्रणात जिवंत काही नसतं म्हणून हा तिढा हलका होतो, तरी ते गावात न्यायचं असेल तर आधी आयजेमच्या सुरक्षा समितीला लेखी विचारा. फ्लोराइडच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. ई. कोलाय हा लॅबमधला नेहमीचा जिवाणू स्वतःच आत आलेलं फ्लोराइड एका खास वाहिनीतून बाहेर सोडतो, त्यामुळे त्याच्या पोटात बसवलेला सेन्सर लवकर जागा होत नाही. त्या वाहिनीचं जनुक काढलेला वाण घ्यावा लागतो.

भारतात परवानग्या कोणत्या लागतात?

पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ आणि त्याखालचे १९८९चे नियम आपल्याला लागू आहेत, तुम्ही विद्यार्थी असलात तरी. जनुकीय बदलाचं काम करणाऱ्या संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते. काम तिच्यासमोर ठेवायचं. धोक्याच्या पातळीप्रमाणे नुसती माहिती द्यायची की मंजुरी घ्यायची ते ठरतं. जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं मार्गदर्शक सरांना देऊन मोकळं होऊ नका, स्वतः वाचा. कॉलेजमध्ये समिती नसेल तर ती असलेल्या संस्थेच्या लॅबमध्ये काम करा. 'छोटासाच प्रयोग आहे' म्हणून तसंच सुरू करणारी मुलं पाहिली आहेत. टीमचं नाव जातंच, शिवाय पुढच्या पाच वर्षांच्या मुलांसाठी प्राचार्य ते दार बंद करतात.

समितीची बैठक महिन्यातून एकदाही होईलच असं नाही. अर्ज फेब्रुवारीत द्या.

आयजेमचा सुरक्षा अर्ज वेगळा. ई. कोलायच्या डीएच-५-अल्फा, बीएल-२१ अशा नेहमीच्या निरुपद्रवी वाणांवर काम असेल तर तो सोपा जातो. प्राणी, माणसांचे नमुने किंवा आयजेमच्या यादीबाहेरचा जीव आला की आधी वेगळी परवानगी. तेल्याचा जिवाणू घरच्या बागेतून आणून वाढवायचा विचारही करू नका. डीएनएचा तुकडा कृत्रिमरीत्या बनवून घेता येतो.

पैसे किती लागतात?

टीमच्या नोंदणीलाच गेल्या काही वर्षांत पाच हजार डॉलरच्या पुढे लागतात, म्हणजे साधारण साडेचार लाख रुपये. त्यावर जांबोरीचं माणशी शुल्क, विमानाचं तिकीट, व्हिसा, पॅरिसमधला मुक्काम. लॅबचं सामान या सगळ्यापुढे स्वस्त पडतं.

आकडा पाहून घाबरू नका, पण नोंदणी करण्याआधी नोंदणीचे पैसे खात्यात असू द्या. संस्थेचं व्यवस्थापन, माजी विद्यार्थी, स्थानिक उद्योगांचा सीएसआर निधी, सगळीकडे जा. आयजेमकडूनही अडीच हजार डॉलरचं अनुदान काही टीमना मिळतं. त्याचा अर्ज मनापासून लिहा. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने भारतीय टीमसाठी आयबेक नावाची निवड स्पर्धा घेतली होती. तुमच्या वर्षी असं काही आहे का ते पाहा. काही कंपन्या टीमना ठरावीक लांबीचा डीएनए फुकट बनवून देतात, तो पहिल्या आठवड्यातच मागा.

कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट: कॉलेजच्या खात्यातून डॉलरमध्ये पैसे पाठवायला बँक सीएचं प्रमाणपत्र आणि आयकराचे अर्ज मागते. लेखा विभागातल्या मॅडमना महिनाभर आधी भेटा, सगळे कागद एका फाइलमध्ये न्या. आमचं शुल्क शेवटच्या दिवशी वेळेत पोचलं ते आमच्या हिशेबनीस काकूंनी जेवणाची सुट्टी सोडून बँकेत फोन केला म्हणून. विकीवरच्या श्रेय-यादीत त्यांचं नाव आहे.

मार्गदर्शक कसे मिळवायचे?

दोन लागतात, मुख्य आणि दुय्यम. ज्यांची लॅब वापरायची ते एक, आणि मुलांचा फोन उचलणारे दुसरे. एकाच व्यक्तीत हे दोन्ही गुण असले तर भाग्य. सरांकडे जाताना कल्पना घेऊन जाऊ नका. एका पानाचा आराखडा, वेळापत्रक आणि फ्रीजरमधली किती जागा लागेल ते घेऊन जा.

डीएनएचे भाग, बायोब्रिक, टाइप-टू-एस... कुठून समजून घ्यायचं?

कल्पना सुताराच्या खाचेसारखी आहे. प्रत्येक भागाच्या दोन्ही टोकांना ठरलेल्या खाचा, म्हणजे कुणाचाही भाग कुणाच्याही भागाला बसतो. जुन्या बायोब्रिक पद्धतीत पुढच्या टोकाला इको-आर-वन आणि एक्सबा-वन, मागच्या टोकाला स्पे-वन आणि पीएसटी-वन या कात्र्यांच्या, म्हणजे डीएनए ठरलेल्या ठिकाणी कापणाऱ्या एन्झाइमच्या, जागा असतात. एक्सबा आणि स्पे यांची कापलेली टोकं एकमेकांत बसतात, पण जोडल्यावर तयार झालेली जागा दोघींपैकी कुठलीच कात्री ओळखत नाही. म्हणून साखळी कितीही लांबवता येते. नव्या टाइप-टू-एस पद्धतीत बीएसए-वन आणि सॅप-वन या आपल्या खुणेच्या बाहेर कापणाऱ्या कात्र्या वापरतात, आणि एकाच नळीत चार-पाच तुकडे क्रमाने जुळतात.

यातली नेहमीची चूक: या जागा तुमच्या जनुकाच्या पोटातही असू शकतात. सहा अक्षरांची जागा योगायोगाने दर ४,०९६ अक्षरांत सरासरी एकदा येते. बायोब्रिकच्या चारही कात्र्यांचा हिशोब केला तर हजार अक्षरांच्या जनुकात एखादी सापडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. मागवण्याआधी शोधा आणि अमिनो आम्ल न बदलता ती अक्षरं बदलून घ्या. संगणकावर दोन मिनिटांचं काम आहे, विसरलात तर तीन आठवडे जातात.

पहिल्या आठवड्यात नवीन काही जोडू नका. रजिस्ट्रीतला, म्हणजे आयजेमच्या भागांच्या संग्रहातला, एखादा जुना, शंभरदा वापरलेला भाग घ्या. जनुक चालू करणारा जे-२३१०० प्रमोटर, प्रथिन बनवणं सुरू करणारी बी-००३४ रायबोसोम-जागा, ई-००४० हे हिरवं चमकणारं प्रथिन. ते चमकलं म्हणजे तुमचे हात, पेशी आणि माध्यम ठीक आहेत. मग पुढे.

मोजमापाला एवढं महत्त्व का देतात?

कारण 'आमच्या नळ्या जास्त हिरव्या दिसल्या' हे विज्ञान नव्हे. चमक मोजणाऱ्या यंत्राने ५,००० दाखवलं, पण ५,००० काय? दुसऱ्या लॅबचं यंत्र त्याच नळीला ८०० दाखवेल. म्हणून फ्लुओरेसिनच्या ज्ञात द्रावणाने आणि सिलिकाच्या बारीक कणांनी यंत्र जुळवून घ्यायचं. गढूळपणावरून पेशींची संख्या कशी काढावी, यावर आयजेमच्या टीमनी मिळून २४४ प्रयोगशाळांत एकच प्रयोग केला आणि २०२०मध्ये तो शोधनिबंध म्हणून छापून आला. विद्यार्थ्यांच्या हातून झालेलं इतकं मोठं मोजमाप क्वचितच सापडेल, आणि त्यात भाग घेतलेल्या अनेकांकडे आपल्यासारखीच साधी यंत्रं होती. जुळवणीचा आलेख विकीवर टाकणाऱ्या टीमकडे परीक्षक वेगळ्या नजरेने पाहतात.

प्रत्येक प्रयोग जिवाणूंच्या तीन वेगवेगळ्या वसाहतींपासून (एका पेशीपासून वाढलेला ठिपका म्हणजे एक वसाहत). एकाच वसाहतीच्या तीन नळ्या म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

लॅबच नाही. तरी उतरता येईल?

येईल. सॉफ्टवेअर किंवा मॉडेलवर भर देणारे प्रकल्पही चालतात. मात्र मॉडेलने एखादा निर्णय बदललेला दिसला पाहिजे. प्रयोग संपल्यावर सजावटीसाठी केलेली समीकरणं लगेच ओळखू येतात.

ह्यूमन प्रॅक्टिसेस म्हणजे शाळेत जाऊन भाषण देणं का?

हा गैरसमज सर्वांत जास्त गुण घालवतो. ह्यूमन प्रॅक्टिसेस म्हणजे लोकांशी बोलून त्यातून प्रकल्प घडवणं. शाळेतलं सत्र चांगलंच, पण परीक्षक विचारतात, 'लोकांशी बोलल्यावर तुमच्या प्रकल्पात काय बदललं?' काहीच बदललं नसेल तर तुम्ही ऐकलं नाही.

मराठी मुलांकडे इथे मोठं बळ आहे आणि ते आपण वापरत नाही. आपण इंग्रजीत प्रश्नावली करतो, तिचं भाषांतर करतो, आणि गावातल्या मावशींना 'आपण या तंत्रज्ञानाशी कितपत सहमत आहात, एक ते पाच' असं विचारतो. मावशी तीन म्हणतात, म्हणजे 'आता जा.' त्याऐवजी ओट्यावर बसा. पाणी कोण भरतं, कुठून, कधी, विचारा. आमच्या एका ज्युनिअर टीमला असंच बोलताना कळलं की लाल रंग मारलेल्या हातपंपाचं पाणी पिऊ नये हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण उन्हाळ्यात दुसरा पंप आटला की तोच वापरतात. मग त्यांची गरज 'वाईट की चांगलं' एवढं सांगणाऱ्या पट्टीची राहिली नाही. आज कुठला पंप कमी वाईट हे सांगणारी पट्टी हवी होती. त्या संध्याकाळी मुलांनी सेन्सरचा आराखडा बदलला.

शब्द जपून वापरा. 'जंतू' म्हटलं की लोक रोग समजतात. दही-विरजणापासून सुरुवात केली की चेहरे सैलावतात. जनुकीय बदल म्हटलं की विदर्भात प्रत्येकाला 'बीटी' आठवतं. २००२मध्ये बीटी कापूस आला, पुढे बोंडअळी परत आली, आणि २०१९मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने परवानगी नसलेलं बियाणं उघडपणे पेरलं. तिथल्या शेतकऱ्याला या विषयावर ठाम मत आहे आणि ते अनुभवातून आलेलं आहे. शिकवायला जाऊ नका.

मुलाखत, फोटो, पाण्याचा नमुना या सगळ्याला संमती घ्या, मराठीत लिहिलेली आणि वाचून दाखवलेली. कॉलेजच्या नैतिकता समितीकडून प्रश्नावली आधी मंजूर करून घ्या.

विकी कोण लिहिणार?

सगळे, आणि मे महिन्यापासून. ज्या दिवशी प्रयोग, त्याच दिवशी चार ओळी. परीक्षण इंग्रजीत होतं, त्यामुळे विकी इंग्रजीतच लागतं. पण पहिला खर्डा मराठीत लिहून पाहा. जे मराठीत सांगता येत नाही ते बहुतेक वेळा नीट समजलेलं नसतं. शिक्षणासाठी केलेली पुस्तिका, व्हिडिओ मात्र मराठीतच करा आणि तसेच विकीवर ठेवा.

सगळी चित्रं, व्हिडिओ स्पर्धेच्याच सर्व्हरवर असावे लागतात. शेवटच्या रात्री इंटरनेट सगळ्यांचंच मंदावतं. दोन दिवस आधी संपवा. कुणी काय केलं याचा श्रेय-अर्ज अनिवार्य आहे, तो खरा भरा.

प्रयोग फसला तर पदक जातं का?

जात नाही. ब्राँझसाठी विकी, सादरीकरण, श्रेय आणि पुढच्या टीमच्या उपयोगी पडेल असं एखादं योगदान पाहतात. रौप्यासाठी आखणी, बांधणी, चाचणी आणि त्यातून शिकून पुन्हा आखणी, हे चक्र फिरलेलं दिसावं लागतं. फसलेला प्रयोग, त्याचं कारण, आणि त्यानुसार केलेला दुसरा प्रयोग, हे पूर्ण चक्र आहे. सुवर्णासाठी निवडक क्षेत्रांत उत्कृष्ट काम लागतं. आकडे मात्र कधीही सुधारू नका. पदकापेक्षा तुमचं नाव जास्त दिवस चालायचं आहे.

व्हिसाचं काय?

फ्रान्सचा शेंगेन व्हिसा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. पासपोर्ट नसलेल्यांनी तो जानेवारीतच काढावा. अर्जात गावचा पत्ता दिला असेल तर पोलिस पडताळणी तिथे होते आणि मुलं होस्टेलवर असतात.

स्पर्धा संपल्यावर?

प्रत्येक प्लास्मिडचा, म्हणजे तुमचे भाग वाहणाऱ्या गोल डीएनएचा, जिवाणूतला ग्लिसरॉल साठा दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये ठेवा, वही ज्युनिअरच्या हातात द्या. आणि ज्या गावातून पाणी आणलं तिथे परत जा, सेन्सर चालला असो वा नसो. नमुने सरकारी प्रयोगशाळेतही तपासून घ्यायचे, हे बजेटमध्ये आधीच धरा. मग ज्या ज्या घराने, पंपाने पाणी दिलं त्याचा आकडा, तारीख आणि मर्यादा मोठ्या मराठी अक्षरांत कागदावर लिहून तिथे द्या, एक प्रत ग्रामपंचायतीत. आम्ही पहिल्या वर्षी हे केलं नव्हतं. दुसऱ्या वर्षीची टीम त्याच गावात गेली तेव्हा एका आजींनी दारातच विचारलं, 'मागच्या वेळी बाटल्या भरून नेल्या, त्याचं काय झालं?' मुलांनी त्या दिवशी नवीन नमुने घेतले नाहीत. कॉलेजला फोन करून जुने आकडे मागवले, वहीच्या पानांवर उतरवले आणि घरोघरी दिले.